ऑनलाइन गेम काढताय? खेळाडूंशी बोलायचं काम असं लावून घ्या

हा लेख दोन-चार जणांच्या टीमसाठी आहे. गेम तयार होत आलाय, बाहेरची माणसं सर्व्हरवर यायला लागली आहेत, आणि "कम्युनिटीचं कोण बघणार?" असं कुणी विचारलं की मीटिंगमध्ये सगळे एकमेकांकडे बघतात. एका छोट्या ऑनलाइन गेमसाठी हे काम मी बराच काळ सांभाळलं. त्यात जे हाताला लागलं ते, आणि मोठ्या गेमच्या चारचौघांत झालेल्या फजित्यांतून जे शिकता येतं ते, इथे क्रमाने देतेय.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. खेळाडूने काही कळवलं की त्याला पुढे काय झालं ते हवं असतं. दुरुस्त झालं, होणार आहे, किंवा होणार नाही. "होणार नाही" हे उत्तरही लोक पचवतात, कुरकुरत का होईना. "तुमचा अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं म्हणून केलेली बोळवण मात्र पचत नाही.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- टीमच्या नावाचा ईमेल. कुणा एकाचा खासगी ईमेल वापरू नका. तो माणूस टीम सोडून गेला की सगळी खाती अडकतात.
- त्या ईमेलवर आणि पुढच्या प्रत्येक खात्यावर टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा मागणारं लॉगिन.
- डिस्कॉर्ड या गटाने गप्पा मारायच्या ॲपवर तुमचा सर्व्हर, किंवा तुमचे खेळाडू आधीपासून जिथे जमतात ती जागा.
- बगची, म्हणजे गेममधल्या बिघाडांची नोंदवही. ट्रेलो, गिटहब, साधं स्प्रेडशीट, काहीही चालेल. प्रत्येक बगला क्रमांक मात्र हवा.
- सर्व्हर चालू आहे की बंद हे सांगणारं स्टेटस पान. ते गेमच्याच सर्व्हरवर ठेवू नका, नाहीतर नेमक्या गरजेच्या वेळी दोन्ही एकदम झोपतील.
- गेमच्या मेनूत "बग कळवा" हे बटण. बिल्ड नंबर (गेमची नेमकी आवृत्ती), डिव्हाइस, खेळाडूचा आयडी आणि लॉग (गेम स्वतः लिहितो ती घडामोडींची नोंद) आपोआप जोडणारं.
- एका पानात बसणारे नियम.
- दिलेल्या शब्दांची वही. हिच्याबद्दल सहाव्या पायरीत.

१. बोलणारा माणूस ठरवा

छोट्या टीममध्ये सगळेच सगळ्यांना उत्तरं देतात, आणि आठवड्याभरात तिघांनी तीन वेगळ्या तारखा सांगून झालेल्या असतात. म्हणून तारखा, किंमत, बॅन आणि येणारी फीचर्स या चार विषयांवर एकानेच बोलायचं. बाकीच्या डेव्हनी, म्हणजे गेम बनवणाऱ्यांनी, गप्पा माराव्यात, जरूर माराव्यात. ज्याने ते शस्त्र बनवलं तोच त्याबद्दल बोलायला आला की खेळाडू खूश होतात. पण या चार विषयांपैकी काही निघालं की "विचारून सांगतो" एवढंच म्हणायचं, आणि खरंच विचारून सांगायचं.

ज्याच्याकडे हे काम द्याल त्याला निर्णय होत असताना खोलीत बसवा. अपडेट बाहेर पडल्यावर ज्याला कळतं, तो खेळाडूंना काय समजावणार?

आणि तापलेल्या वातावरणात उत्तर टाकण्याआधी ते टीमबाहेरच्या कुणाला तरी वाचायला द्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' येण्याच्या तोंडावर लोक विचारत होते, पैसे मोजून घेतलेल्या गेममध्ये डार्थ व्हेडर मिळवायला इतके तास का घासायचे? गेम काढणाऱ्या ईए कंपनीच्या खात्यावरून रेडिट या चर्चेच्या साइटवर उत्तर आलं की पात्र मिळवल्याचा अभिमान आणि समाधान वाटावं हा हेतू आहे. त्या एका उत्तराला सहा लाखांहून जास्त डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले आणि गिनेसमध्ये नोंद झाली. त्यात शिवी नव्हती की उर्मटपणा नव्हता. विचारलेला प्रश्न सोडून गुळगुळीत काहीतरी लिहिलं होतं, तेवढं पुरलं.

२. जागा कमी ठेवा

डिस्कॉर्ड, रेडिट, एक्स, इन्स्टाग्राम, यूट्यूब, टेलिग्राम असं सगळीकडे दुकान मांडायचा मोह होतो. दोन माणसांना ते झेपत नाही, आणि ओस पडलेलं अधिकृत पान बघून लोकांना गेमच मेला असं वाटतं. दुतर्फा बोलायला एक जागा, घोषणांसाठी एक, आणि स्टोअरचं पान. एवढं बास. बाकीच्या नावांची खाती काढून ठेवा म्हणजे तोतये येणार नाहीत, आणि तिथे "आम्ही इथे बोलत नाही, अमुक ठिकाणी या" असं पिन करा.

डिस्कॉर्डवर पहिल्या दिवशी तीस चॅनेल उघडू नका. घोषणा, नियम, गप्पा, बग, सूचना आणि "टीम शोधा" ही सहा पुरतात. गप्पांचं चॅनेल ओसंडून वाहायला लागलं की मगच ते फोडा. बग आणि सूचना यांच्यासाठी फोरम प्रकारचं चॅनेल घ्या. त्यात प्रत्येक विषयाचा धागा वेगळा राहतो आणि त्याला "तपासतोय", "दुरुस्त", "करणार नाही" असे टॅग लावता येतात. साध्या चॅटमध्ये दुपारी टाकलेला बग संध्याकाळपर्यंत मीमखाली गाडला जातो.

३. नियम आणि मॉडरेटर

नियम थोडे आणि उदाहरणासकट लिहा. "सभ्यपणे वागा" याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. "हरलेल्या टीममेटला टॅग करून शिव्या दिल्यास एक दिवस म्यूट" हा नियम सगळ्यांना सारखाच कळतो. तेराखालच्या मुलांना डिस्कॉर्डच परवानगी देत नाही आणि काही देशांत वयाची अट याहून जास्त आहे, तेही लिहून टाका.

शिस्तीसाठी खरी नावं मागायच्या फंदात पडू नका. ब्लिझार्ड या गेम कंपनीने जुलै २०१० मध्ये आपल्या चर्चेच्या जागेवर खरी नावं दाखवायची योजना जाहीर केली होती. खेळाडूंचा इतका भडका उडाला की तीन दिवसांत ती मागे घ्यावी लागली.

मॉडरेटर बहुतेक वेळा खेळाडूंमधूनच येतात आणि फुकट काम करतात. सगळ्यात जास्त बोलणारा निवडू नका. दोघांच्या भांडणात पडून ते विझवणारा शोधा, तो सहसा शांत असतो. त्याला संदेश काढणं, म्यूट करणं, बॅन करणं एवढेच अधिकार द्या. ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार टीमबाहेर कुणालाही नको. इथे एक जुना सापळा आहे: "माझा नवा गेम जरा खेळून बघ ना" असा संदेश येतो, सोबत फाइल असते, मॉडरेटर ती चालवतो आणि त्याचं खातं जातं. पाच मिनिटांत तुमच्या घोषणांच्या चॅनेलवर "फुकट स्किन" (पात्राचं किंवा शस्त्राचं नवं रूप) अशी लिंक झळकते आणि तुमच्यावर विश्वास ठेवणारे खेळाडू ती दाबतात. घोषणा टाकायचा अधिकार दोघांपुरता ठेवला आणि मॉडरेटरना टू-फॅक्टर सक्तीचं केलं की हे बरंच टळतं. ऑटोमॉड (नको ते संदेश आपोआप अडवणारी डिस्कॉर्डची सोय) चालू करा आणि संशयास्पद लिंकचे शब्द त्यात भरा. तापलेल्या दिवशी स्लोमोड लावा, म्हणजे प्रत्येकाला दोन संदेशांमध्ये थोडं थांबावं लागतं. गप्पा बंद करण्यापेक्षा तो बरा.

४. तक्रारीतून बग काढा

हे काम रोज करावं लागतं आणि कंटाळवाणं आहे, पण विश्वास इथेच मिळतो. सगळ्यात जास्त येणारी तक्रार घ्या: "गेम लॅग होतोय, फिक्स करा." प्रोग्रामरला ही तशीच पाठवली तर तो काहीच करू शकत नाही, कारण खेळाडू किमान तीन वेगळ्या गोष्टींना लॅग म्हणतात. फोन किंवा संगणक दमला आणि फ्रेम पडल्या, म्हणजे चित्र अडखळलं, तरी लॅग. नेटवर्कवर पॅकेट (माहितीचे तुकडे) हरवले तरी लॅग. तुमचा सर्व्हरच धापा टाकत असला तरीही लॅगच.

अशा वेळी मी एकच गोष्ट करायला सांगते. "पुढच्या वेळी लॅग झाला की जागेवर उभं राहा आणि नुसता कॅमेरा फिरवा. कॅमेरा अडखळतो का?" कॅमेरा फिरवणं सर्व्हरला विचारून होत नसतं, ते खेळाडूच्या मशीनवरच होतं. कॅमेराही झटके देत असेल तर प्रश्न फ्रेमचा: डिव्हाइसचं मॉडेल आणि ग्राफिक्स सेटिंग मागा. कॅमेरा लोण्यासारखा फिरतोय पण बाकीचे खेळाडू इकडून तिकडे उड्या मारतायत, तर नेटवर्क किंवा सर्व्हर. मग दुसरा प्रश्न: "त्याच वेळी मॅचमधल्या बाकीच्यांनाही झालं का?" एकट्यालाच झालं तर बहुधा त्याचं नेट. सगळ्यांना एकदम झालं तर मॅचचा आयडी आणि वेळ घ्या आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये तो क्षण शोधा. दोन प्रश्नांत धुसफुशीचं कामाच्या नोंदीत रूपांतर होतं, आणि खेळाडूला कुणीतरी आपलं नीट ऐकल्याचं कळतं.

बगच्या चॅनेलवर हा साचा पिन करून ठेवा:

- काय करत होतात?
- काय व्हायला हवं होतं?
- काय झालं?
- दर वेळी होतं की कधीमधी?
- बिल्ड नंबर, डिव्हाइस, सर्व्हरचा विभाग, वेळ.
- शक्य असेल तर स्क्रीनशॉट किंवा छोटा व्हिडिओ.

साचा न भरता आलेली तक्रार फेटाळू नका. उरलेलं तुम्ही विचारून भरा. सक्ती केलीत तर बग कळवणारे घटतात, बग तेवढेच राहतात.

लॉगची फाइल सार्वजनिक चॅनेलवर मागू नका. त्यात आयपी ॲड्रेस, ईमेल, संगणकावरच्या फोल्डरमधून डोकावणारं खरं नाव, असं बरंच काही सापडतं. बटणातून किंवा खासगी तिकिटातून घ्या. आणि डुप करायचा, म्हणजे वस्तू किंवा नाणी दुप्पट करायचा बग कुणी उघड्यावर टाकला तर संदेश लगेच काढा, त्या माणसाला खासगीत धन्यवाद द्या आणि का काढला ते सांगा. न सांगता काढलात तर तो रागाने दहा ठिकाणी टाकेल.

शेवटचा भाग बहुतेक टीम विसरतात. बग दुरुस्त झाला की मूळ धाग्यावर परत जा आणि "क्रमांक ११२, आजच्या अपडेटमध्ये सुटला" असं लिहा. असं उत्तर मिळालेला खेळाडू पुढचा बग तुमच्याकडे साचा भरून, व्हिडिओसकट घेऊन येतो.

५. सूचना वाचायला शिका

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचे मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटर यांचं २०१६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधलं एक निरीक्षण या धंद्यात नेहमी सांगितलं जातं: काय बिघडलंय हे खेळाडूंना अचूक कळतं, ते कसं सुधारायचं हे तितकंसं कळत नाही. "धनुष्य नर्फ करा", म्हणजे त्याची ताकद कमी करा, अशी शंभर जणांची मागणी आली की आधी शोधायचं, मरताना त्यांना नक्की काय खुपलं. कदाचित धनुष्य ठीकच आहे आणि नकाशावर लपायला आडोसा नाही. कदाचित बाण सुटल्याचा आवाजच ऐकू येत नाही.

बोलणारे खेळाडू हे खेळणाऱ्यांचा छोटासा भाग असतात आणि बहुधा सगळ्यात जास्त तास खेळलेले असतात. नवखा माणूस तक्रार करत नाही, गेम काढून टाकतो. त्यामुळे चॅनेलवरचा आवाज आणि गेममधले आकडे समोरासमोर ठेवून बघा: लोक कुठल्या पायरीवर सोडून जातात, कुठलं शस्त्र किती जण घेतात, किती जिंकतात. रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये मांडलेली खेळाडूंची विभागणी जुनी झाली तरी इथे उपयोगी पडते: काहींना जिंकून जमवायचं असतं, काहींना कानाकोपरा हुडकायचा असतो, काही माणसांसाठी येतात, काही दुसऱ्याला पाडण्यासाठी. सूचना आली की यातलं कोण बोलतंय ते आधी ओळखा.

मतदान घ्यावं का, हा प्रश्न कधीतरी येतोच. 'ओल्ड स्कूल रूनस्केप' २०१३ मध्ये सुरू झाला तेव्हापासून नवा मजकूर खेळाडूंच्या मतदानाला टाकला जातो. आधी ७५ टक्के होकार लागायचा, २०२२ पासून ७० टक्के. पण तिथेही गेमचा समतोल किंवा प्रामाणिकपणा राखायला लागणारे काही बदल जॅगेक्स ही त्याची कंपनी मत न घेता करते. 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये २००८ पासून खेळाडू मतदानाने आपले प्रतिनिधी मंडळ निवडतात, आणि ते गुप्ततेच्या करारावर सही करून कंपनीशी बोलतात. दोन्ही पद्धतींमागे वर्षानुवर्षांचा सराव आहे आणि खास नेमलेली माणसं आहेत. तुम्ही सुरुवातीला रंग, नावं, पुढचा नकाशा असल्या गोष्टींवर मतं घ्या. हरलेला पर्याय आपण खरंच सोडून देऊ, अशी खात्री असेल तरच.

६. शब्द देताना

वहीत तीन रकाने: काय म्हणालो, कुठे म्हणालो, पुढे काय झालं. स्ट्रीमवर सहज बोललेलं "हो, गिल्ड आणायचा विचार आहे" (गिल्ड म्हणजे खेळाडूंचा कायमचा गट) हेसुद्धा त्यात जातं, कारण खेळाडूंच्या लेखी तो शब्द आहे. दर महिन्याला वही उघडायची. जे मागे पडलंय त्याबद्दल कुणी विचारायच्या आत आपणच सांगायचं.

तारीख देऊ नका. प्रोग्रामर "शुक्रवारी होईल" म्हणाला तरी नको. "चाचणी चालू आहे, पास झाली की दोन दिवस आधी सांगू" एवढंच.

'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा मल्टिप्लेयरपासून अनेक बाबतींत लोकांच्या अपेक्षा वेगळ्या होत्या आणि संताप मोठा होता. हॅलो गेम्सने त्यानंतर बोलणं जवळजवळ थांबवलं, नोव्हेंबरमध्ये एकदम फाउंडेशन अपडेट आणलं, आणि पूर्ण मल्टिप्लेयर जुलै २०१८ च्या नेक्स्ट अपडेटमध्ये दिलं. त्यांचं नाव पुन्हा उभं राहिलं म्हणून "गप्प बसून काम करा" असा सल्ला हल्ली सगळे देतात. माझं मत वेगळं आहे. त्यांची विक्री दणदणीत झाली होती, त्यामुळे गप्प राहून काम करायला त्यांच्याकडे पैसा होता. तुमच्या सर्व्हरवर दोनशे माणसं असतील तर तीन महिन्यांच्या शांततेनंतर अपडेट बघायला कुणी उरणार नाही. त्यापेक्षा 'फॅक्टोरिओ'वाल्यांची पद्धत उचला. २०१३ पासून ते शुक्रवारी काय चाललंय ते लिहीत आले, मधे खंड पडला तोही सांगून. एखाद्या आठवड्याला सांगायला फक्त गेममधल्या रेल्वेचे सिग्नल असायचे, तर त्यांच्यावरच लिहायचे.

निर्णय फिरवावा लागला तर कारणासकट फिरवा. 'अमंग अस' २०१८ चा गेम, २०२० मध्ये अचानक जगभर पोहोचला. ऑगस्टमध्ये इनरस्लॉथने दुसरा भाग जाहीर केला आणि सप्टेंबरमध्ये रद्द केला. लोक पहिलाच गेम इतका खेळतायत तर सगळी मेहनत त्यातच घालतो, असं सरळ सांगितलं. जवळजवळ सगळ्यांनी ते आनंदाने घेतलं.

७. पॅच नोट्स (अपडेटमध्ये काय बदललं त्याची यादी)

"विविध बग दुरुस्त केले आणि कामगिरी सुधारली." हे वाक्य लिहायचं नाही. त्याऐवजी: "बर्फाच्या नकाशात पुलाखाली अडकलं की मॅच सोडावी लागायची. आता पाच सेकंदांत तुम्ही पुलावर परत येता." समतोलाचा बदल असेल तर जुना आकडा, नवा आकडा आणि कारण: "लांब धनुष्याचं नुकसान ४० वरून ३४. दोन बाणांत मरण येत होतं, आता तीन लागतील. पळायला एक संधी मिळावी म्हणून." कारण लिहिलं की भांडण कारणावर होतं. नाही लिहिलं तर तुमच्या हेतूवर होतं.

गुपचूप बदल तर कधीच करू नका. खेळाडू फाइली उकरतात, घड्याळ लावून मोजतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'डेस्टिनी २'च्या खेळाडूंनी मोजून दाखवलं की पडद्यावर दिसतो तेवढा अनुभव प्रत्यक्षात खात्यात जमा होत नाही. बंजीला ती यंत्रणा बंद करावी लागली. अशा वेळी चूक किती लहान होती याला महत्त्व राहत नाही. पुढे वर्षभर तुमच्या प्रत्येक आकड्यावर संशय घेतला जातो.

८. सर्व्हर पडल्यावर

पडणारच आहे, बहुधा सगळ्यात गर्दीच्या संध्याकाळी. मजकूर आधीच लिहून ठेवा. पहिला संदेश कारण सापडायची वाट न बघता जायला हवा:

"लॉगिन होत नाहीये, आमच्या लक्षात आलंय. आत्ता मॅचमध्ये असाल तर खेळत राहा. बाहेर पडलात तर परत शिरता येणार नाही. खरेदी करू नका. पुढची बातमी १५:३० यूटीसीला, काही नवं नसलं तरी."

यात चार गोष्टी आहेत: आम्हाला माहीत आहे, तुम्ही काय करा, काय करू नका, आणि पुन्हा कधी बोलू. कारण माहीत नसेल तर अंदाज ठोकू नका. साडेतीन म्हटलं की साडेतीनला "अजून शोधतोय, पुढची बातमी १६:०० ला" असं तरी लिहा. "लवकरच", "आज रात्री" हे शब्द निरुपयोगी आहेत. तुमची रात्र ती दुसऱ्या कुणाची सकाळ, म्हणून वर यूटीसी, म्हणजे जगभर सारखी धरली जाणारी वेळ, दिली आहे. डिस्कॉर्डमध्ये टाइमस्टॅम्पचा कोड टाकला की प्रत्येकाला आपापल्या घड्याळाप्रमाणे वेळ दिसते. तो वापरा.

हे कसं करावं ते 'फायनल फँटसी १४'चे निर्माते-दिग्दर्शक नाओकी योशिदा यांच्याकडून शिकावं. डिसेंबर २०२१ मध्ये गेमचा एंडवॉकर हा विस्तार आला आणि लॉगिनच्या रांगा हजारांवर गेल्या. त्यांनी कुठला एरर कशामुळे येतो ते लांबलचक लिहून समजावलं, चिपच्या तुटवड्यामुळे नवे सर्व्हर का घेता येत नाहीत ते सांगितलं, सदस्यांना खेळायचे दिवस फुकट वाढवून दिले, आणि शेवटी गेमची विक्रीच काही काळ थांबवली. माफीच्या शब्दांपेक्षा त्या शेवटच्या पावलाने जास्त काम केलं.

भरपाई द्यायची तर सगळ्यांना सारखी द्या, मागणाऱ्यालाच नको. अर्ध्यात तुटलेल्या मॅचमधले गेलेले रँक परत करा आणि वेळेची मुदत असलेले बूस्टर (काही काळ कमाई वाढवणाऱ्या वस्तू) तेवढ्या तासांनी वाढवा. नुसती नाणी वाटून हे भरत नाही.

९. पैशाला हात लावताना

बाकी चुका लोक माफ करतात, इथली लक्षात ठेवतात. किंमत वाढणार असेल तर ताकाला जाऊन भांडं लपवू नका: अपडेटच्या तळाशी एका ओळीत दडवण्याऐवजी वेगळी घोषणा करा, कारण सांगा, आणि जुन्या किमतीत घ्यायला काही दिवस द्या.

जून २०११ मध्ये 'ईव्ह ऑनलाइन'च्या दुकानात पात्राला लावायचा एका डोळ्याचा चष्मा सुमारे साठ डॉलरच्या भावाने आला. पाठोपाठ दुकानाबद्दल चर्चा करणारं कंपनीचं अंतर्गत वार्तापत्र फुटलं. खेळाडू गेममधल्या जिता या व्यापारी केंद्रात जमले आणि तिथल्या स्मारकावर तासन्‌तास गोळीबार करत राहिले. गेमच्या सीसीपी या कंपनीला खेळाडूंच्या प्रतिनिधी मंडळाला विमानाने रेक्याविकला बोलावून बोलणी करावी लागली. चष्मा हे निमित्त होतं. पुढे जिंकायची ताकदही विकायला काढतील, ही खरी भीती होती, आणि तिला वेळेवर स्पष्ट उत्तर मिळालं नव्हतं.

उलटं उदाहरण 'वॉरफ्रेम'चं. त्यात पाळीव प्राण्याचा रंग थोडे पैसे देऊन नशिबावर बदलता यायचा. एका खेळाडूने ते बटण २०० वेळा दाबल्याचं डिजिटल एक्स्ट्रीम्सच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना आपण जुगाराचं यंत्र बनवल्यासारखं वाटलं आणि त्यांनी ते काढून टाकलं. आकड्यांमध्ये असा कुणी सापडला तर त्याला "मोठा ग्राहक" समजून खूश होण्याआधी तुमच्या बटणाकडे बघा.

विक्रीनंतर लादलेली अटही याच खात्यात धरा. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २'च्या संगणकावरच्या खेळाडूंना प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं जोडणं सक्तीचं होणार असं जाहीर झालं. ती सेवा अनेक देशांत मिळतच नव्हती. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पडला आणि दोन-तीन दिवसांत सोनीने अट मागे घेतली.

१०. स्टोअरवरचे रिव्ह्यू

गूगल प्लेवर उत्तराला ३५० अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे साचेबंद नमस्कार-चमत्कार वगळा आणि थेट मुद्द्यावर या. बग सुटला की जुन्या रिव्ह्यूचं उत्तर बदलून "आवृत्ती अमुकमध्ये दुरुस्त" असं लिहा. बरेच जण तारे वाढवतात. तारे मागू नका, आणि रिव्ह्यूच्या बदल्यात नाणी तर मुळीच देऊ नका. गूगल प्ले आणि स्टीम दोन्हीकडे ते नियमांविरुद्ध आहे. वाद घालू नका. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा गेम घ्यावा की नाही असा विचार करणारे जास्त वाचतात.

११. चीटर, बॅन आणि अपील

कुणाला का बॅन केलं यावर चारचौघांत बोलायचं नाही, तो स्वतः चॅनेलवर येऊन तांडव करत असला तरी. "वैयक्तिक खात्यांवर इथे बोलत नाही, अपीलचा अर्ज इथे" हे वाक्य पुन्हा पुन्हा वापरा. किती खात्यांवर कारवाई झाली हा आकडा मात्र जाहीर करा, नाहीतर "डेव्ह काहीच करत नाहीत" ही ओरड थांबत नाही. चीट (फसवून जिंकायचं सॉफ्टवेअर) सापडल्या सापडल्या बॅन न करता काही दिवसांनी एकगठ्ठा करा. स्टीम चालवणाऱ्या वाल्व कंपनीची व्हॅक ही चीट पकडणारी यंत्रणाही बॅन उशिराने लावते, म्हणजे कशामुळे पकडले गेलो ते चीट बनवणाऱ्याला कळत नाही. खेळाडूंना हा उशीर आळशीपणा वाटतो, म्हणून पद्धत काय आहे ते एकदा समजावून पिन करा.

अपील वाचणारा माणूस बॅन करणाऱ्यापेक्षा वेगळा हवा. चुकीचा बॅन निघाला तर खातं, रँक आणि त्या काळात हुकलेली बक्षिसं, सगळं परत द्या.

१२. गेम बंद करावा लागला तर

नवख्यांना हे वाचायचं नसतं, पण योजना आत्ताच ठरवली तर स्वस्तात पडते. क्रम असा: आधी नाणी आणि स्किनची विक्री बंद, मग घोषणा, मग किमान काही महिन्यांची मुदत. घोषणेत सर्व्हर नक्की कधी बंद होणार, शिल्लक नाण्यांचं काय, अलीकडच्या खरेदीचे पैसे परत मिळणार का आणि कसे, खात्यातली माहिती कधी पुसली जाणार, हे सगळं असायला हवं. युबिसॉफ्टच्या 'द क्रू'चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि विकत घेतलेला गेम एकट्यानेही खेळता येईनासा झाला. विकलेला गेम कंपन्यांनी असा मारू नये म्हणून सुरू झालेल्या मोहिमेला तिथूनच जोर आला. 'सिटी ऑफ हीरोज' २०१२ मध्ये बंद पडला होता, त्याचा होमकमिंग हा चाहत्यांनी चालवलेला सर्व्हर मात्र जानेवारी २०२४ मध्ये मूळ मालक एनसीसॉफ्टच्या परवान्याने अधिकृत झाला.

म्हणून सर्व्हरचा कोड लिहितानाच प्रोग्रामरला विचारून ठेवा: हा भाग उद्या खेळाडूंच्या हाती द्यायचा ठरवलं तर आड काय येईल? उत्तरात सहसा दोन-तीन विकत घेतलेल्या लायब्ररी आणि लॉगिनची यंत्रणा निघते. त्यांची यादी करा आणि बगच्या नोंदवहीत शेवटच्या पानावर ठेवा.